ऑर्डर येईपर्यंत

साहेब, तुम्ही खोटं बोललात. रागानं नाही, पैसे खाऊन नाही. हसत हसत बोललात आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत. चोराला निदान आपण चोरी केली एवढं तरी ठाऊक असतं. तुम्हाला तेही ठाऊक नसेल.

आठवण करून देते. बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात तुमचं पत्र्याचं ऑफिस होतं. कंपनीनं आमच्या गावची जमीन कोळशासाठी घेतली होती, आणि ज्याचं वावर गेलं त्याच्या घरात एक नोकरी, असं ठरलं होतं. बाहेर कडुनिंबाखाली अख्खं गाव बसलेलं. माझे वडील, लटारी मिलमिले, धुतलेली टोपी घालून तुमच्या टेबलासमोर उभे होते आणि मी त्यांच्या मागे. तुम्ही बसा म्हणालात. बाबा बसले नाहीत. साहेबासमोर बसायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं.

"मुलं किती?" तुम्ही विचारलंत.

"एक पोरगी आहे जी."

"मुलगा नाही?"

"नाई जी. हे एकटीच."

"मग जावई?"

"लगन नाई झालं अजून."

तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि खुर्चीत मागे रेललात. "मग काळजी कसली करता काका? जावई बघा. त्याचं नाव लावून टाकू. घरात नोकरी आहे म्हटल्यावर शिकलेली पोरं दारात रांग लावतील." मग माझ्याकडे बघितलंत. "काय बेटी, बरोबर ना?"

"माझं नाव नाही लागत का?" मी म्हटलं.

बाबांनी वळून पाहिलं. तुमच्या शेजारचा कारकून हसला. तुम्ही हसला नाहीत, एवढं मी तुमच्या बाजूनं लिहून ठेवते.

"लागतं. का नाही लागणार? पण खाणीतलं काम आहे. धूळ, दगड, पाळ्या. झेपेल?"

"माणसायले झेपते ना."

"असं करा," तुम्ही बाबांना म्हणालात, "घरी जाऊन शांतपणे विचार करा. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे ते ठरवा आणि सोमवारी एक नाव घेऊन या. एकच. एकदा लिहिलं की बदल नाही."

सगळ्यात महत्त्वाचं काय. तुम्ही ते किती सहज म्हणालात. आमच्या घरात तोपर्यंत हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. कापूस लावायचा की तूर, एवढंच ठरवायची सवय.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या भाऊ नसलेल्या पोरी एकाएकी देखण्या झाल्या होत्या. काळी म्हणून परत पाठवलेल्या पोरींना दुसऱ्या जिल्ह्यातून मागण्या यायच्या. शनिवारी आमच्याकडेही एक पाहुणा आला, वरोऱ्याचा, मुलगा सोबत घेऊन. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. बाप बोलत होता.

"सातबारा एकाच नावावर आहे ना?"

"हाव," बाबा म्हणाले.

"भाऊबंद काई आडवे येणार नाई?"

"नाई."

"अन नाव जावयाचंच लागन, हे पक्कं?"

आई चुलीपाशी होती. तिनं तिथूनच विचारलं, "भाऊ, पोरीले पाह्यलं काय तुमी?"

"पाहू ना बाई. पाहणं तर होतेच."

"नाई, म्हटलं वावर पाहून झालं असन तर पोरगी बी आणतो बाहीर."

पाहुणा हसला. बाबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. ते वाईट माणूस नव्हते साहेब. त्यांना मुलगा नव्हता आणि त्यांचं वावर जात होतं. दोन्हीची भरपाई एका माणसात मिळत असेल तर कुणाला नको असते?

पण आमच्या घरात शेवंता सगळ्यांना आठवत होती. शेवंता माझ्या मामाची पोरगी. तिच्या गावची जमीन आमच्या आधी गेली होती आणि नोकरी तिच्या नवऱ्याच्या नावानं लागली. त्याला क्वार्टर मिळालं, मोटारसायकल आली, मग त्या क्वार्टरमध्ये दुसरी बाई आली. शेवंता मामाकडे परत. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती सुपात डाळ घेऊन खडे वेचत होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "वावर असतं तं निंदाले तरी गेली असती व. आता कुठी जाऊ?"

रविवारी सकाळी मी आमच्या विहिरीवर गेले. मोटार जळली होती आणि ती बांधायला शालिक देरकर आला होता.

शालिक कोण, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या कागदात तो कुठेच नव्हता. तो गावातल्या मोटारी बांधायचा. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. पंचक्रोशीत एवढा साफ हात कुणाचा नव्हता. त्याच्या अंगाला त्या वार्निशचा वास असायचा, आणि मला बाजारात कुठेही तो वास आला की मी वळून बघायची. आमच्या दोघांचं काय आहे ते गावाला माहीत होतं. गाव बोलायचं नाही, कारण शालिक प्रत्येकाच्या विहिरीवर लागायचा. आमची जात एक होती, सातबारा एक नव्हता. त्यांच्याकडे वावर नव्हतं. वावर नाही म्हणजे नोकरी नाही, मोबदला नाही. गाव उठणार होतं ते त्याचंही होतं, पण कंपनीच्या हिशेबात तो गावात राहतच नव्हता.

"वावर जाऊन रायलं अन तू मोटार बांधून रायला," मी म्हटलं.

"तुह्या बापानं सांगतलं. वांगे वाळून रायले म्हणे." तो बांधावर मांडी घालून बसला होता. तोंडात तारेचं टोक धरलेलं, त्यामुळे बोलणं अर्धं. "जाईपर्यंत तं पाणी पाह्यजे ना."

"मी तुहं नाव लावते."

"कायले?"

"नोकरीले. जावई म्हणून. बाबाले घरजावईच पाह्यजे. लगन बी होते, नोकरी बी होते."

त्यानं तोंडातली तार काढली. हात मात्र थांबले नाहीत.

"मंग मोटारी कोण बांधन?"

"कोणाच्या मोटारी? एक तरी विहीर रायणार आहे काय?"

हे त्याला माहीत होतं. तरी मी ते मोठ्यानं म्हणायला नको होतं असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटलं. तो थोडा वेळ खाचेत तार बसवत राहिला.

"खानीत बी मोटारी असतेत म्हणते," मी म्हटलं.

"असतेत. घराएवढ्या. पण मले कोण हात लावू देणार आहे? मले टिकास देतीन हातात." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवंतेच्या नवऱ्याले बी असंच आणलं होतं ना तुह्या मामानं?"

"तू तसा नाईस."

"तो बी नव्हता व. भजनात टाळ वाजवे. बाईमाणसासमोर मान वर करत नव्हता. नोकरी लागल्यावर माणूस कसा होते, ते नोकरी लागल्याशिवाय दिसत नाई. तू तुहं नाव लाव."

"अन तू?"

"मी आहो ना. तू पाळीवर जाशीन, मी भाकरी थापन."

"तुले येते काय भाकर?"

"एवढी बारीक तार भरतो, भाकर काऊन नाई येणार?"

"लोक हासतीन शालिक."

"हासू दे. बायकोच्या कमाईवर बसलेले लय हायेत गावात, फक्त त्यायच्या बायका निंदाले जातेत म्हणून कोणाले दिसत नाई." मग त्यानं मोटार बाजूला केली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "कांते, एक सांग. तुह्या बापाच्या वावराची नोकरी मी घेतली, अन उद्या आपलं भांडण झालं, तं तू मले बोलून दाखवशीन काय?"

"नाई. कधीच नाई."

"मालूम आहे मले. पण मी बोलन ना सोताले. रोज बोलन."

दुपारपर्यंत मी तिथंच बसले. वार्निश उन्हात वाळल्यावर त्यानं मोटार विहिरीवर बसवली, स्टार्टर ओढला. पाणी यायच्या आधी पाइप खोकतो साहेब, म्हाताऱ्या माणसासारखा. मग एकदम धार येते. त्या धारेखाली शालिकनं दोन्ही हात कोपरापर्यंत धरले आणि ओले हात माझ्या तोंडावर झटकले. मी शिव्या दिल्या. तो हसत होता. मी आजवर चांगलं म्हणावं असं बरंच बघितलं आहे, कंपनीनं आम्हाला एकदा सहलीला नेऊन समुद्रही दाखवला. पण मला कुणी विचारलं, तुला परत काय पाहिजे, तर मी ती दुपार मागेन. वांग्यांसकट.

संध्याकाळी मी घरी सांगितलं, नाव माझंच लागेल.

"दुनिया काय म्हणन?" बाबा म्हणाले. "लटारीनं पोरीच्या हातात घमेलं देल्लं."

"घमेलं तं आता बी आहेच माह्या हातात. शेणाचं."

"खानीत माणसं असतेत, बाई."

"वावरात काय बायाच होत्या काय?" आई म्हणाली. तिनं भाकरी उलटली आणि बाबांकडे पाठ करूनच बोलली. "शेवंतीले पाहून बी तुमाले समजत नसन तं लावा त्या पोहे खाणाऱ्याचं नाव. मंग पोरगी घरी परत येईन तवा डाळ तुमीच आणून देजा, खडे वेचाले."

बाबा उठून बाहेर गेले. सोमवारी सकाळी त्यांनी टोपी पुन्हा धुतली, ओलीच डोक्यावर घातली.

आता तुम्ही या, साहेब. नीट ऐका.

"नाव?"

"कांता लटारी मिलमिले," मीच सांगितलं.

तुम्ही लिहिलंत. सही झाली, अंगठा झाला. आम्ही वळणार, तेवढ्यात तुम्ही सहज विचारलंत, "लग्नबिग्न ठरलंय का कुठे?"

"ठरल्यासारखं आहे जी," बाबा म्हणाले. रात्री ते विहिरीपर्यंत चालत गेले होते आणि येताना शालिकच्या बापाला भेटून आले होते. हे मला तुमच्यासमोर कळलं. बाबांची बोलायची रीत तीच.

"मग थांबा जरा. ऑर्डर येईपर्यंत लग्न करू नका. मुलीचं लग्न झालं की ती दुसऱ्या घरची. नाव कटेल."

"कटन?"

"कटेल ना. मग म्हणाल साहेबांनी सांगितलं नाही."

"किती दिवस लागन जी?"

"तीन-चार महिने. दिवाळीच्या आत येईल." आणि मग माझ्याकडे बघून म्हणालात, "एकदा नोकरी हातात येऊ दे बेटी, मग नवरेच नवरे."

तुम्ही हसलात. कारकून हसला. साहेब हसले म्हणून बाबाही हसले. तुम्ही पुढचं नाव पुकारलंत.

मी धावत जाऊन शालिकला सांगितलं. तो म्हणाला, "दिवाळी काय अन तूर निघाली काय. एवढी घाई कोणाले आहे?" आणि लगेच, "मले आहे थोडीशी."

दिवाळी आली. तूर निघाली. ऑर्डर आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गाव उठवलं. आम्हाला माळरानावर प्लॉट दिले, सिमेंटचा रस्ता दिला, नळ दिले. विहीर एकही नव्हती. शालिकनं त्या नव्या गावात टपरी टाकली, आणि ज्या हातांनी तो विहिरींच्या मोटारी बांधायचा त्या हातांनी टेबलफॅन बांधू लागला. हिवाळ्यात तेही नाही.

बाबा ऑफिसात जायचे. तुमची बदली झाली होती. नवे साहेब म्हणायचे, वर पाठवलंय. मग त्यांची बदली व्हायची. तुम्ही विचाराल, लग्नाचं त्यांना का नाही विचारलं? कसं विचारणार? ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्याकडे जाऊन कोण म्हणतं, की साहेब, आमची पोरगी लग्न करणार आहे, चालेल का? विचारणं म्हणजे बोट दाखवून देणं. गावात प्रत्येक नावामागे दुसरं नाव टपलेलं होतं. एक कापलं गेलं तर भावकीतलं कुणीतरी तिथं घुसायला बघणारच. आम्ही गप्प बसलो. अख्ख्या गावानं गप्प बसून आपापल्या पोरी घरात ठेवल्या.

पोरांची लग्नं होत होती. आमच्या मागच्या ओळीतल्या दौलतचं नाव माझ्याच दिवशी लागलं होतं. त्याचं लग्न बँड लावून झालं. मी वरातीत नाचले.

एकदा शालिक म्हणाला, "भद्रावतीले जाऊ. देवळात दोन हार घालू. कोणाले सांगूच नाई. तू तुह्या घरी, मी माह्या घरी. ऑर्डर आली का मंग मांडव टाकू."

"अन पोट राह्यलं तं?"

तो लाजला. इतकी वर्षं ओळखत होता मला, तरी लाजला.

"ते बी खरं," म्हणाला.

मला जायचं होतं साहेब. देवळात, हारात, त्याच्या टपरीच्या मागच्या खोलीत, कुठेही. पण तोवर आमच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. वावर गेलं होतं, मोबदल्याचं घर झालं होतं, बाबांना दम लागायला लागला होता. घरात खायला काय आहे याचं उत्तर त्या एका न आलेल्या ऑर्डरमध्ये होतं. मी नाही म्हटलं. त्याची माफी मी कुणाकडे मागत नाही, शालिककडेही नाही. माफी माग, असं त्यानंही कधी म्हटलं नाही.

मग तो गेला. आदिलाबादच्या बाजूला, कापसाच्या पट्ट्यात. तिथं शेतोशेती बोअर होते, वीज कमी-जास्त व्हायची आणि मोटारी धडाधड जळायच्या. मी त्याला एसटीवर सोडायला गेले. त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि हत्यारं जास्त होती.

"तिथी काम आहे कांते," तो म्हणाला. "खूप काम आहे. मांगं पाहाले गेलो होतो तवा एकानं दाखवली, अशी जाळली होती मोटार, कोणी हात लावाले तयार नव्हतं." बोलताना त्याचे डोळे चमकत होते. कितीतरी दिवसांनी मी ते बघत होते. मी त्याला थांब म्हणणार होते; ते डोळे बघून म्हटलं नाही.

"भाकर येते ना आता?" मी विचारलं.

"येते. एका बाजूनं."

"दिवाळीले येशीन?"

"येईन ना. ऑर्डर आली का निरोप धाड. रात्रीची गाडी धरून येतो."

गाडी लागली. तो खिडकीत बसला. मला वाटत होतं, तो आता 'चल' म्हणेल. तिकिटाचे पैसे माझ्याकडे नव्हते, पायात घरची चप्पल होती, तरी मला वाटत होतं. तो म्हणाला नाही. नाव तुझं लाव, असं त्यानंच सांगितलं होतं. आता ते सोडून चल म्हणणं त्याच्या तोंडून निघणार नव्हतं. आणि म्हणाला असता तर मी चढले असते का? साहेब, मी दर वेळी वेगळं उत्तर देते. कधी चढते, कधी नाही.

तो दिवाळीला आला. पुढच्याही आला. मग एका दिवाळीला त्याची आई आली. ती ओट्यावर बसली, माझ्या आईशी इकडचं तिकडचं बोलली. उठताना म्हणाली, "शालिकचं ठरवलं व पार्बताबाई. तिकडलीच पोरगी आहे. किती दिवस थांबावं बाप्पा माणसानं? वय बी पाहा ना."

"खरं आहे," आई म्हणाली.

"वावर आहे त्यायच्याकडं. विहीर आहे."

मी दारात उभी होते. "पाणी आहे काय विहिरीले?" मी विचारलं.

"हाव ना. बारमाही आहे म्हणते."

"मंग बरं," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी चहा टाकला.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी तुमची ऑर्डर आली. बाबा बघायला नव्हते. आईनं टोपी खुंटीवरून काढून झटकली आणि परत लावली. मी नवं लुगडं नेसले नाही, होतं तेच धुतलं आणि गेले.

गेटजवळच्या ऑफिसात एका बाकावर सगळ्या बाया बसवल्या होत्या. आमच्या गावच्या, शेजारच्या गावांच्या. सगळ्यांची नावं बापाच्या आडनावानं पुकारत होते. कुणाच्या गळ्यात पोत नव्हती. कुणाचे केस पिकायला लागले होते. आम्ही एकमेकींकडे बघत होतो आणि कुणी काही विचारत नव्हतं, कारण प्रत्येकीला उत्तर माहीत होतं. तुमचं पत्र्याचं ऑफिस प्रत्येकीनं बघितलं होतं, साहेब. बेटी प्रत्येकीला म्हणालात तुम्ही.

तेवढ्यात एक बाई आली. धापा टाकत, कपाळावर एवढं मोठं कुंकू, कडेवर पोरगं, आणि एक पोरगी पदर धरून मागे. बाकावर जागा नव्हती तर ती माझ्या पायाशी खालीच बसली.

"पंचफुला नत्थू आवारी!" कारकुनानं पुकारलं.

ती उठली. पोरगं माझ्या मांडीवर टाकलं. "धरजो व बाई, रडत नाई तो," म्हणाली. आत गेली आणि हातात ऑर्डर घेऊन बाहेर आली.

मला काही कळेना. "बाई," मी म्हटलं, "तुमचं लगन कवा झालं?"

"नाव लागलं त्याच साली. जेठ महिन्यात. काऊन?"

"तुमाले साहेबानं सांगतलं नव्हतं? लगन केलं तं नाव कटन म्हणून?"

"सांगतलं होतं ना." तिनं पोरगं उचललं आणि त्याचं नाक पदरानं पुसलं. "मी म्हटलं, तो साहेब काय माह्या घरी मांडव पाहाले येते काय? अन आला तं जेवून जाईन."

बाकावर कुणीच हसलं नाही. तिनं आमच्याकडे बघितलं, एकेकीच्या गळ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड उतरलं. "अव माय," ती हळूच म्हणाली. "तुमी ऐकलं?"

मी उठून कारकुनाकडे गेले. नवा पोरगा होता, शहरातला. मी विचारलं, लग्न झालं तर नाव कापतात असा नियम कधी होता, कधी बदलला?

"असा नियम नव्हता कधीच," तो म्हणाला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"साहेबानं."

"कोणत्या?"

तुमचं नाव मला माहीत नव्हतं. आम्ही तुम्हाला साहेबच म्हणायचो.

"त्यांना वाटलं असेल," पोरगा म्हणाला. "इथं सही करा."

मी सही केली. पाण्याच्या टँकरवर लागले, मग डंपर शिकले. आता मी शंभर टनाचा डंपर चालवते आणि आमच्या गावाच्या पोटातून चालवते. आमची विहीर कुठं होती ते दाखवता येत नाही. तिथं आता खालीही काही नाही आणि वरही काही नाही. आईला शेवटपर्यंत चांगल्या दवाखान्यात नेलं. शेवंताला माझ्याकडे आणलं, ती माझा डबा करते. पगार माझ्या नावावर येतो आणि तो माझ्याकडून कुणी हिसकावू शकत नाही. नोकरी घेतली ते चुकलं असं मी म्हणत नाही. शालिक बरोबर होता, आई बरोबर होती, मी बरोबर होते. खाणीत मोटार जळली की वार्निशचा वास येतो. मी गाडीची काच वर करून घेते.

मला एवढंच विचारायचं आहे. दौलतला तुम्ही हे का सांगितलं नाही? त्याच दिवशी, त्याच टेबलावर त्याचं नाव लिहिलंत. कुठल्याच पोराला का नाही म्हणालात, थांब, ऑर्डर येईपर्यंत लग्न करू नकोस? जो नियम कागदावर नव्हता तो तुमच्या तोंडात कुठून आला, आणि तो बाकावरच्या बायांपुरताच कसा आला? वाटलं असेल, हे उत्तर मला चालत नाही. ते कारकुनानं दिलं होतं. मला तुमचं पाहिजे.

म्हातारे झाला असाल. तरी या. मी पहिल्या पाळीला असते. गेटवर माझं नाव विचारा, कांता लटारी मिलमिले. तुम्ही लिहून घेतलं होतं तेच आहे, बदललेलं नाही. बोला, का म्हणालात?